शेजारचा दात

दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे छटाबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी काय ते बाहेर निघायचं. कामच तसं होतं. कुणाचा पुढचा दात पडला, की डॉक्टरकडून साचे यायचे, आणि अवघड काम असलं तर खुद्द तो माणूसच येऊन तिच्या खिडकीपाशी आ वासून बसायचा. छटाबाई नमुन्याच्या दातांची पट्टी त्याच्या ओठांशी धरायची, क्षणभर बघायची, मग नजर टेबलावरच्या राखाडी पुठ्ठ्यावर न्यायची आणि डोळा निवला की परत बघायची. फार वेळ टक लावली की डोळा दमतो आणि सगळेच दात सारखे दिसायला लागतात, हे नव्या मुलींना सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. दुसरी शिकवण याहून पक्की होती. माणसाला विचारायचं नाही. विचारलं की जो तो पांढराशुभ्र मागतो, आणि मग हसला की तेवढा एकच दात आधी दिसतो. आपण शेजारचा दात बघायचा आणि त्याच्यासारखा करायचा. बसवलेला दात कुठला हे घरच्यांनाही ओळखता आलं नाही, तर काम जमलं.

कामात बाई अशी वाघीण, पण हल्ली घरी येईपर्यंत तिचा पार भुगा झालेला असायचा. पाय भरून यायचे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, आणि जिना चढता चढता एकच विचार पाठ सोडायचा नाही, तो म्हणजे शनिवार.

शनिवारी बिटकी येणार होती.

बिटकी म्हणजे छटाबाईच्या नवऱ्याची पहिल्या बायकोपासूनची मुलगी. जन्मली तेव्हा तळहातात मावेल एवढी होती म्हणून बिटकी, आणि आता नऊ वर्षांची झाली तरी बिटकीच. तिची आई आजारपणात गेली तेव्हा बापाला स्वतःचंच भान राहिलं नव्हतं, म्हणून आत्याने तिला उचलून आपल्या घरी नेलं. दोन वर्षं झाली त्याला. बापाने मधल्या काळात जुनं भाड्याचं घर सोडलं, छटाबाईशी लग्न केलं, दोघांनी मिळून हे घर घेतलं आणि त्यात एक खोली बिटकीची म्हणून ठेवली. खोली तयार, बाप तयार, नवी आई तर एका पायावर तयार. बिटकी मात्र यायची आणि संध्याकाळ झाली की तिच्या पोटात दुखायला लागायचं. मग आत्याला फोन, आत्याची रिक्षा, आणि दाराशी उभ्या उभ्या बापाचं "बरं, पुढच्या वेळी." असं दोनदा झालं होतं.

आत्या वाईट नव्हती. तिचे गुडघे कामातून गेले होते, स्वतःची मुलं मोठी करून थकलेली बाई, पण बोलायला सडेतोड. "हे बघ," तिने भावाला सांगितलं होतं, "शाळा सुरू व्हायच्या आत काय ते ठरू दे. पोरीला जबरदस्ती करायची नाही. या वेळी राहिली तर राहिली. नाही म्हणाली, तर ती माझ्याकडेच वाढेल आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. ह्या ये-जा करण्याने तिचं डोकं फिरायची वेळ आलीय."

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. लोकांच्या अडकलेल्या लिफ्ट सोडवून झाल्या की तो रोज आत्याकडे जायचा, मुलीशेजारी बसायचा आणि घरी येऊन गुपचूप जेवायचा. छटाबाईला त्याने कधी एका शब्दाने टोचलं नव्हतं. बिटकी कायमची तिकडे राहिली तरी तो टोचणार नव्हता. तो असाच गुपचूप जेवत राहील जन्मभर, हे तिला दिसत होतं, आणि त्याचीच तिला धास्ती होती. भांडणारा माणूस परवडला.

तर खोलीला रंग द्यायचा होता. आधीच्या मालकाने दिलेला मळकट पिवळा भिंतींवर तसाच होता. छटाबाईने रंगांचं कार्ड आणून नवऱ्याबरोबर आत्याकडे पाठवलं.

"काय म्हणाली?" तो परत आल्यावर तिने विचारलं.

"कुठलाही चालेल म्हणाली."

"कार्ड बघितलं तरी का?"

"बघितलं. सगळं बघितलं. मग घडी घातली आणि म्हणाली, कुठलाही चालेल." त्याने बूट काढले. "पांढरा दे आणि मोकळी हो. कशाला जीव काढतेस?"

पांढरा! ज्या बाईने उभं आयुष्य पांढऱ्याच्या छटा वेगळ्या करण्यात घालवलं, तिला म्हणे पांढरा दे. दवाखान्यासारखी खोली करून ठेवायची आणि वर म्हणायचं, पोरगी का राहत नाही? छटाबाईने कार्ड पुन्हा पसरलं. गुलाबी बघितला, तर वाटलं फार लाडीगोडी होईल. निळा बघितला, तो गार वाटला. पिवळा तर आत्ता होताच. कार्डावरचे चौकोन बघता बघता सगळे सारखे दिसायला लागले तेव्हा तिने कपाळावर हात मारला. दुसऱ्यांना शिकवायला मोठी शहाणी.

दुसऱ्या दिवशी खोलीतलं सामान बाहेर काढताना बिटकीचं जुनं पुस्तकांचं कपाट पुढे ओढलं आणि त्याच्या पाठीवर तिला रंगाचा पट्टा दिसला. कुणीतरी भिंत रंगवत असताना कपाट नीट सरकवलं नव्हतं आणि ब्रश त्याच्या कडेवरून गेला होता. रंग फिका हिरवा, दुधीच्या सालीसारखा, पण आत कुठेतरी पिवळट ऊब असलेला.

"हा कुठला?" तिने नवऱ्याला विचारलं.

तो बघत राहिला. "त्या घरातला," म्हणाला. "बिटकीच्या खोलीचा. दोघींनी मिळून दिला होता." मग पाना शोधायचा आहे असं काहीतरी पुटपुटत तो आत गेला.

छटाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढे दिवस उगाच माणसाला विचारत बसलो! शेजारचा दात हा काय समोर आहे. जुन्या खोलीत पोरगी सुखाने झोपत होती, तर तीच खोली तिला परत द्यायची. इतकी हुबेहूब, की काही तुटलं होतं, पडलं होतं, हे तिला जाणवूच नये. आणि सांगायचं नाही आधी. डोळे उघडून बघू दे एकदम.

तिने कपाटाच्या पाठीची एक ढलपी काढली आणि रंगाच्या दुकानात गेली. दुकानदाराने ती यंत्राखाली धरली, डब्यात चार थेंब सोडले, डबा घुसळून दिला. "घ्या, सेम टू सेम."

छटाबाईने बोटभर रंग पुठ्ठ्यावर ओढला, दुकानाच्या बाहेर उजेडात नेला, वाळेपर्यंत उभी राहिली, आणि परत आली. "निळा जास्त झालाय."

दुकानदाराने पुन्हा केला. ती पुन्हा उजेडात जाऊन उभी राहिली. "आता पिवळा बोंबलतोय."

"बाई," तिचं काम ठाऊक असलेल्या दुकानदाराने हात टेकले, "भिंत आहे ती. दात नाही. कपाटं लागली, चित्रं लागली की कोण बघतंय?"

"मी बघते," छटाबाई म्हणाली.

तिसऱ्या डब्यानेही भागलं नाही, पण चौथा जमला. ढलपी आणि पुठ्ठा शेजारी ठेवले तर शिवण दिसेना. आठवडाभर बाई लॅबमधून आली की साडीचा पदर खोचायची, डोक्याला फडकं बांधायची आणि भिंतीपुढे उभी राहायची. नवरा लवकर आला तर छताशी हात मारायचा, पण कडा, कोपरे, खिडकीची चौकट हे तिने त्याला हात लावू दिलं नाही. शुक्रवारी शेवटचा हात झाला तेव्हा तिचा उजवा खांदा वर उचलला जात नव्हता. चमचा डाव्या हाताने धरून ती जेवली. पण खोली अशी उतरली होती, की नवरा दारात आला आणि आत पाऊलच टाकेना.

"जमलंय ना?" तिने विचारलं.

"जमलंय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज थोडा घसरला. तिला ते कौतुक वाटलं. दमलेल्या माणसाला जे हवं तेच ऐकू येतं.

शनिवारी सकाळी आत्या बिटकीला घेऊन आली. पिशवी ठेवली, चहा नको म्हणाली, आणि खोलीत डोकावून छटाबाईच्या लोंबत्या हाताकडे एक नजर टाकत म्हणाली, "एवढं अंगावर घेऊन करायची काय गरज होती? तेरड्याचा रंग तीन दिवस. पोरीला माणसं लागतात, भिंती नाही." बोलून तिला स्वतःलाच जरा जास्त झालं असं वाटलं असावं, कारण उगाच बिटकीची वेणी सारखी केली. "संध्याकाळी येते. राहायचं असलं तर तसं सांग, नसलं तर तसं." आणि गुडघ्यावर हात टेकत जिना उतरली.

बिटकी खोलीच्या दाराशी उभी होती. छटाबाई तिच्या मागे, आणि नवरा तिच्याही मागे, लिफ्ट सुरू होते की नाही हे बघताना उभा राहतो तसा, श्वास रोखून.

पोरगी आत गेली. हसली नाही, रडली नाही. भिंतीला हात लावला. मग खिडकीखाली गेली, खाली वाकली, तिथली भिंत बोटाने वरून खाली चाचपली. कोपऱ्यात गेली, तिथेही तसंच. दाराच्या मागे बघितलं.

"काय शोधतेस गं?" छटाबाईने विचारलं.

"ओघळ," बिटकी म्हणाली. "इथे ओघळ होते. आईला नीट रंग द्यायला येत नव्हता. आम्ही खूप हसलो होतो." ती सरळ उभी राहिली आणि तिचा चेहरा बघता बघता लाल झाला. "काकू, हा आईचा रंग आहे. तू का आणलास इथे? आई या घरात कधी आलीच नव्हती!"

छटाबाईला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"बिटके, अगं काकूने किती कष्टाने..." बापाने सुरुवात केली.

"मी म्हटलं होतं ना, कुठलाही!" पोरगी ओरडली. "कुठलाही म्हणजे हा नाही! हा सोडून कुठलाही!" आणि तिने पोटावर हात दाबून धरला.

तो हात दोघांनीही बघितला. नवऱ्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, एवढंच छटाबाईच्या मनात आलं. समजूत घालायचे शब्द असतात, ते तिलाही माहीत होते. पण ते शोधायला जे लागतं ते आठवडाभरात भिंतीवर संपलं होतं. ती तिथेच जमिनीवर, भिंतीला टेकून बसली.

"मी दमले गं," ती म्हणाली.

हे बिटकीला अपेक्षित नसावं. दोन वर्षं मोठी माणसं तिच्याशी गोड गोड बोलत होती, खोटं खोटं हसत होती. तिने पोटावरचा हात काढला नाही, पण ओरडायची थांबली.

"मला वाटलं," छटाबाई म्हणाली, "काही झालंच नाही असं तुला वाटेल. माझ्या कामात तसं करतात. पडलेल्या दाताच्या जागी असा बसवायचा, की कुणाला कळूच नये."

"पण झालंय ना," बिटकी म्हणाली.

"हो. झालंय."

"मला कळतंय ना."

"हो गं बाई. तुला कळणारच. चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं."

"विचारलं होतंस. कार्ड पाठवलं होतंस." पोरगी न्यायाने वागणारी होती. थोडा वेळ ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. मग खाली बघत बोलली, "मला नव्हतं निवडता येत. मी दुसरा निवडला असता, तर आईचा मला आवडेनासा झाला, असं झालं असतं."

बाप दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभा होता. जे कळायची वाट बघत तो गेले कित्येक महिने आत्याच्या घरी पोरीशेजारी नुसता बसत होता, ते तिने एका वाक्यात सांगून टाकलं होतं. त्याने डोळे पुसले, तेही उघड उघड, आणि फोन खिशातच राहू दिला.

छटाबाईला खूप काही म्हणावंसं वाटलं. असं काही नसतं, आई काय रंगात असते का, वगैरे. पण ते तिला स्वतःलाच पटलं नसतं. "मग नको निवडूस," ती म्हणाली. "मीही नाही निवडत. पण ह्याचं काय करायचं? राहू दे की काढू?"

"काढ," बिटकी म्हणाली, आणि लगेच, "पण मी बघणार."

अस्तराचा अर्धा डबा माळ्यावर होता. रंगाच्या आधी भिंतीला देतात तो फिका पांढरा, ज्याला कुणी रंग मानत नाही. नवऱ्याने तो काढून आणला, खिडक्या सताड उघडल्या, सामान मधोमध ओढून त्यावर चादर टाकली. छटाबाईने रोलर बुडवला, पण खांदा वर जाईना. तिने दात आवळून हात उचलला, तो छातीपर्यंत येऊन थांबला. मग नवऱ्याने रोलर घेतला. पहिला पट्टा ओढला तशी बिटकी रडायला लागली. मोठ्याने, तोंड उघडून, लहान मुलं पडल्यावर रडतात तशी. तो गडबडून थांबला.

"थांबू नका ना!" ती रडतच म्हणाली. तो पुन्हा ओढायला लागला, आणि छटाबाई तिच्या शेजारी बसून राहिली. जवळ घ्यावं की नाही हे तिला कळेना. शेवटी तिने आपला चांगला हात त्या दोघींच्या मधल्या जागेत जमिनीवर ठेवला. बिटकीने तो धरला नाही, पण आपला पाय त्याला टेकवून ठेवला.

रडून झाल्यावर बिटकीने ब्रश मागितला. खिडकीखालची भिंत तिची तिने रंगवली. वाईट रंगवली. ओघळ आले, ते बघून बाप "अगं निथळून घे" म्हणायला गेला, तर छटाबाईने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. दुपारी भूक लागली तेव्हा तिघांनी अस्तराने माखलेल्या हातांनीच काहीबाही खाल्लं. एक हात देऊन झाला तरी खालचा हिरवा पांढऱ्यातून डोकावत होता. भिंत धड पांढरी नाही, धड हिरवी नाही, ठिकठिकाणी वेगळी. ह्या छटेला काय म्हणतात हे छटाबाईला सांगता आलं नसतं, आणि बघायची इच्छाही उरली नव्हती. ती गादीच्या वळकटीला टेकून डोळे मिटून पडली.

संध्याकाळी आत्या आली. दारातूनच तिने भिंतींकडे बघितलं, पोरीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं, आणि भावाकडे वळून म्हणाली, "हे काय करून ठेवलंत? सकाळी तर खोली नवी कोरी होती."

"आम्ही तो रंग काढला," बिटकी म्हणाली. "दुसरा अजून ठरला नाही."

"मग ठरला की ये. चल, पिशवी घे."

बिटकी जागची हलली नाही. "नाही. ठरेपर्यंत इथे राहते. ठरवायला इथे असावं लागतं ना?"

आत्याने आधार शोधून स्टूल ओढलं आणि बसली. दोन वर्षं रोज घातलेल्या वेणीकडे ती बघत राहिली. रागावली आहे की तिचा जीव भांड्यात पडला आहे, हे तिच्या तोंडावरून कळेना; दोन्ही असावं. "आणि ठरायला किती दिवस लागतील?" तिने जरा वेळाने विचारलं, छटाबाईकडे बघून. "तू तर यातली जाणकार."

छटाबाई गादीवरून उठायच्या भानगडीत पडली नाही. "मला यातलं काही कळत नाही, आत्या," ती म्हणाली. "लागतील बरेच."

आत्याने मान हलवली. मग जाताना, चपला घालता घालता, ती सांगत राहिली. दूध गरम लागतं. केस ओले असले तर झोपू देऊ नका. रागावली की जेवत नाही, पण शेजारी बसलं की जेवते. सांगायचं संपलं तरी ती जिन्यात क्षणभर उभी राहिली, आणि मग उतरली.

वास येतो म्हणून बापाने बाहेरच्या खोलीत अंथरूण घातलं, पण बिटकीने आपली गादी ओढत ओढत आतच नेली. छटाबाई दिवा बंद करायला आली तर पोरगी पडल्या पडल्या छताकडे बघत होती.

"काकू, खरंच बरेच दिवस लागतील?"

"खरंच."

"घाई नको करूस हं."

"नाही करत," छटाबाई म्हणाली. तिच्या अंगात घाई करण्याएवढं त्राण नव्हतंच. ती दाराशी टेकली आणि पोरीचा श्वास संथ होईपर्यंत तिथेच उभी राहिली.